खोबरेल गोठल्यावरची गोष्ट

साळवे सर गोष्ट सुरू करायच्या आधी पायातली चप्पल काढायचे. देवळात काढतात तशी नाही. देवळाशी त्यांचा काही संबंध नव्हता. स्वतःच्याच ओट्यावर, स्वतःच्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, कॅनडाचं एखादं जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायचे, आणि पहिलं पान उघडायच्या आधी दोन्ही चपला काढून बाजूला जोडीनं नीट लावायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, पायाला कुरूप झालं असेल. मी तसं विचारलंही. मी काही पोटात ठेवणारा माणूस नाही.

"कुरूप नाही, तात्या," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण काढतो ना? ही गोष्ट दुसऱ्याची आहे."

"घर कॅनडात, चपला सिडकोत. तिकडं कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

सरांचे विद्यार्थी त्यांच्या आठवणींचं पुस्तक काढतायत. सगळे शिकलेले, कुणी प्राचार्य, कुणी साहेब. त्यांनी मलाही लिहायला सांगितलं. मी वैजापूर तालुक्यातला, चौथीपर्यंत शिकलेला. वाळूजच्या कारखान्यात लेथवर लोखंड सोलण्यात जन्म गेला. मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय, ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, माझं बोलणं सुधारू नका.

आमची घरं शेजारी शेजारी. मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीला लागून कडुनिंब. मुळं आमच्यात, सावली त्यांच्यात. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आणि त्यातही त्यांचा खास विषय म्हणजे कॅनडातल्या कथा-कादंबऱ्या. निवृत्त झाले नि समोरचा वर्ग गेला. बायको आधीच वारलेली, मुलगी उज्ज्वला नागपूरला. मग त्यांना नवीन वर्ग मिळाला तो भिंतीच्या अलीकडं. वर्गात विद्यार्थिनी एकच. माझी बायको, कौसा.

कौसा दुपारी चारला भाजी निवडायला बाहेर बसायची. सर ओळीवर बोट ठेवून इंग्रजी वाचायचे आणि तोंडातून पडायचं मराठी, तेही आपल्याकडचं. कौसाला लिहिता-वाचता माझ्याहूनही कमी यायचं, पण ऐकायला पक्की. आणि गप्प बसून ऐकणं तिच्या रक्तात नव्हतं.

एकदा सर गव्हाच्या मुलखातली गोष्ट सांगत होते. कोसकोस गहू, मधे एकच लाकडी घर, पावसाचा पत्ता नाही, धूळ उडतेय. घरातली बाई खिडकीशी बसून नुसती बाहेर बघतेय. नवरा बोलत नाही. पाच दिवस गोष्ट चालली, बाई आपली खिडकीतच. सहाव्या दिवशी कौसानं मेथीची जुडी परातीत आपटली.

"सर, त्या बाईला काही कामधंदा नाय का हो?"

"वहिनी, ती दुःखात आहे."

"असू द्या की. दुःखात माणूस गोधडी शिवतं, धान्य पाखडतं, नवऱ्याला चार शिव्या देतं. अशी नुसती खिडकीत बसली तर मरंल ती."

सर थांबले. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी पुस्तकाच्या कडेला काहीतरी लिहिलं. म्हणाले, "जन्मभर ही कादंबरी पोरांना शिकवली. त्या बाईवर पोरांनी पानंच्या पानं लिहिली, पण तिची काळजी कुणी केली नाही."

"मग मरती का ती?"

"उद्या सांगतो."

मी आतून ओरडायचो, "अगं, चहा मिळंल का, का तोही कॅनडाहून यायचाय?"

"बर्फातून येतोय, दम धरा!" ती तिथूनच.

खरं सांगतो, मला ह्या प्रकाराचा राग यायचा. आणि लिहायलाच बसलोय तर सगळंच लिहितो. आमच्या गावात सरांच्या माणसांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. मी बघितलंय. लहानपणी मी ओतलंयही. शहरात येऊन ते सुटलं असं मी समजत होतो. पण सरांसमोर मला जे अवघडल्यासारखं व्हायचं, त्यात ते शिकलेले म्हणून थोडं होतं, आणि हेही थोडं होतं. कौसाला असलं काही नव्हतं. सकाळी ती भिंतीवरून "जय भीम, सर" म्हणायची, आणि सर "राम राम, वहिनी" म्हणायचे. दोघं एकमेकांचं बोलायचे. मी नुसतं "हं" म्हणायचो.

सर सांगायचे, कॅनडा म्हणजे नुसते गोरे नव्हेत. त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथं माणसं राहतात, क्री, ओजिब्वे, अशी खूप. त्यांचीच लेकरं आता लिहितात. त्यातली एक गोष्ट मी भिंतीला टेकून, ऐकत नसल्यासारखं दाखवत ऐकली. पोरांना आईबापापासून तोडून शाळेत नेतात. केस कापतात, नावं बदलतात, घरची भाषा बोललं की मारतात. त्यातली एक पोरगी पांघरुणात तोंड घालून रोज आपलं खरं नाव म्हणते, विसरू नये म्हणून. त्या दिवशी कौसा मधे एवढंच म्हणाली, "ह्या पोरीला कुणीतरी जवळ घ्या हो."

सरांनी पुस्तक मिटलं. "शाळेनं माणूस उभा राहतो, तात्या, आणि शाळेनं पुसलाही जातो. मला मास्तरनं दाराबाहेर बसवलं, तरी माझी भाषा माझ्याजवळ राहिली. ह्यांची तीसुद्धा काढून घेतली."

त्या दिवशी चहा मी केला. साखर लई पडली. सर सगळा प्यायले.

त्याच लोकांच्या जुन्या गोष्टींचं एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक सरांकडं होतं. ते कधी उघडायचे नाहीत. कौसानं विचारलंच.

"ह्यातल्या गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगायच्या," सर म्हणाले. "तिकडचा रिवाज आहे. उन्हाळ्यात ह्यांची नावं काढायची नाहीत. म्हणून मी ह्या कधी वर्गातही सांगितल्या नाहीत."

"आपल्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवरचा," मी म्हणालो.

कौसानं जरा विचार केला. "आमचं खोबरेल गोठतं की! खिडकीतली बाटली उलटी करायची. तेल हललं नाय, की समजायचं बर्फ पडला."

सर एवढे खूष झाले की खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या लोकांतल्या एका म्हाताऱ्या बाईंशी त्यांची फोनवर ओळख होती. त्यांना त्यांनी रीतसर विचारून घेतलं. बाई म्हणे खूप हसल्या. म्हणाल्या, तुमच्या जमिनीला विचारून ठरवलंय ना, मग चालेल. तेव्हापासून थंडी आली की सर सकाळी भिंतीशी येऊन विचारायचे, "वहिनी, गोठलं का?"

दुसरा रिवाज असा, की सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं चिमूटभर तंबाखू द्यायची. सर सुपारीचं खांड खात नव्हते. तरी ते दोन्ही हातांनी तंबाखू घ्यायचे आणि निंबाच्या मुळाशी ठेवायचे. मला हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की माझ्या पुडीतली तंबाखू कमी होतेय. मी भंगारवाल्यावर संशय घेतला, पोस्टमनवर घेतला. एक दिवस कौसाच पुडीत बोटं घालताना सापडली.

"अगं, तू कधीपासनं खायला लागलीस?"

"मला नाय, निंबाला."

"निंब तंबाखू खातो व्हय?"

"तुमच्यापरीस कमी खातो."

आता खरी गोष्ट सांगतो. त्या शेवटच्या थंडीत एका सकाळी सरांनी निळ्या पुस्तकातली एक गोष्ट तिला सांगितली. मी आत टीव्ही बघत होतो. बाहेरून कौसाचं हसणं ऐकू आलं. साधं हसणं नाही. पदर तोंडात कोंबून, पोट धरून, श्वास लागेपर्यंत. चहा द्यायला आली तेव्हाही हसत होती, आणि माझ्याकडं बघितलं की आणखीच उकळी फुटायची.

"काय झालं?"

"काही नाय. गोष्ट होती."

"मग सांग की."

"मला तशी सांगता यायची नाय. सरांना विचारा."

"मला काय करायचीय जनावरांची गोष्ट? लेकरू आहे का मी?"

विचारलं नाही. चैत्रात कौसा गेली. दुपारी चारला, तिथंच बाहेर. अर्धी गवार निवडलेली, अर्धी तशीच.

माणसं आली, गेली. पोरगा म्हणाला पुण्याला चला. मी नाही म्हणालो. सून खिडकी आवरताना तेलाची बाटली टाकायला निघाली, तर मी तिच्या अंगावर धावून गेलो. बाटलीच्या गळ्याला रबरानं अडकवलेला कौसाचा केसांचा आकडा होता. गोठलेलं तेल ती त्यानं टोकरून काढायची. ती बाटली खिडकीतून मी हलवली नाही. त्यातलं थेंबभर तेल वापरलं नाही.

मला एकच गोष्ट खात होती. एवढ्या वर्षांच्या संसारात कौसा कशाला रुसते, कशाला रडते, कशाला हसते, सगळं मला पाठ होतं. हे एक हसणं तेवढं माहीत नव्हतं. वैशाखात, भर उन्हात, मी भिंतीशी गेलो.

"सर, ती गोष्ट सांगा. कौसा हसली होती ती."

सरांना लगेच कळलं. मग म्हणाले, "थंडी येऊ द्या, तात्या."

माझं डोकं फिरलं. "बायको मेलीय माझी! तिची आठवण मागतोय, तुमचं घर नाय मागत!"

"तात्या, त्या लोकांची जमीन गेली, पोरं गेली, भाषा ओरबाडली. कुणी त्यांना विचारलं नाही. मी फोन करून विचारलं, आणि त्या बाईंनी विश्वासानं हो म्हटलं. आता आपल्याला गरज आहे म्हणून मीही न विचारता घेऊ? आणि तेलाचा नियम कुणी केला? वहिनींनी. मी दोन बायकांना फसवायचं का?"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी चारला भिंतीपलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. सर एकटेच मोठ्यानं वाचायला लागले, मराठीत. मी आतून ओरडलो, "ही उन्हाळ्यात चालते वाटतं?"

"ही बारमाही आहे. या."

गेलो. असा मी त्यांचा विद्यार्थी झालो. कौसाच्या जागी बसायचो, भाजी निवडायचो. निम्म्या काड्या भाजीतच राहायच्या. मी मधे मधे बोलायचो, पण सरांची पेन्सिल खिशातून निघायची नाही. मला ते लागायचं. शेवटी विचारलं, "मी बोललो की लिहीत का नाय तुम्ही?"

"तुम्ही गोष्टीची झडती घेता, तात्या. वहिनी विचारपूस करायच्या."

एक गोष्ट अशी, की तळं गोठलंय आणि एक म्हातारा बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतो. रोज बसतो. पण गळाला आमिष लावत नाही.

"मग बसतो कशाला येडा?" मी म्हणालो.

सरांनी वर बघितलं. "खिडकीत तेलाची बाटली ठेवलीय, ती कशाला?"

मी भाजीतल्या राहिलेल्या काड्या वेचायला लागलो. पण गोष्ट कशी ऐकायची ते मला तिथं कळलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "त्या म्हाताऱ्याला कुणी चहा नेऊन देतं का?" सर नुसते हसले. पेन्सिल काही काढली नाही.

दिवाळी झाली. मला दम निघेना. एका दुपारी मी बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि चारला पुसून, उलटी धरून, भिंतीवर आणून ठेवली. "घ्या सर. गोठलं."

सरांनी चष्मा वर केला. बाटली हातात घेतली, फिरवली. तिच्या अंगावरून पाण्याचे ओघळ चालले होते.

"तात्या, थंडीला घाम फुटलाय."

"दव पडलंय."

"दुपारी चारला? तुमचा तर पंखा चालू आहे, आवाज येतोय."

मी बाटली घेऊन घरात आलो. भिंतीपलीकडं सर एवढे हसत होते की त्यांना खोकला लागला. बराच वेळ थांबेना. त्या खोकल्यातच काय ते होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं पंपिंग कमी झालंय, एकटं राहू नका. उज्ज्वला नागपूरहून आली आणि सामान बांधायला लागली. रविवारी सकाळी निघायचं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात आभाळ आलं. कार्तिक सरत आला तरी उकडायला लागलं. मी रोज उठून बाटली उलटी करायचो. तेल डुबुक करून खाली यायचं. सर भिंतीशी येऊन हळूच विचारायचे, "गोठलं का, तात्या?" मी मान हलवायचो. शुक्रवारी मी म्हणालो, "सर, एकदा सोडा ना नियम. माझ्यासाठी."

त्यांचे डोळे भरले. "सोडला तर गोष्ट सांगीन, तात्या. पण ती वहिनींनी ऐकलेली राहणार नाही."

शनिवारी आभाळ फाकलं आणि सांजच्याला गार वारं सुटलं. रविवारी उठलो तर हातपाय आखडलेले. खिडकीशी गेलो. बाटली उलटी केली. तेल जागचं हललं नाही. पांढरंफेक, दगडासारखं.

मी अनवाणीच पळालो. गाडी दाराशी उभी, बॅगा आत, उज्ज्वला कुलूप लावत होती. सर पुढच्या सीटवर बसलेले. मी काचेवर बाटली आपटली.

"सर! बर्फ पडला!"

त्यांनी बाटली घेतली, उलटी केली, उन्हात धरून बघितली. घाम नव्हता. मग दार उघडून उतरले.

"बाबा, उशीर होतोय," उज्ज्वला म्हणाली.

"होऊ दे. निळं पुस्तक काढ बॅगेतलं. ड्रायव्हरला बोलव, त्यानं ऐकलं तरी चालेल. तात्या, चहा ठेवा. साखर कमी."

खुर्ची आत कुलपात गेली होती. ते ओट्याच्या पायरीवर बसले. आधी चपला काढल्या, जोडीनं लावल्या. मी अनवाणीच होतो. मग त्यांनी ही गोष्ट कुठल्या लोकांची, कुणी सांगितलेली, ते सगळं आधी सांगितलं, आणि सुरुवात केली.

ती गोष्ट मी इथं लिहिणार नाही. आत्ता वैशाख चाललाय, तेल पाण्यासारखं पातळ आहे, आणि नियम म्हणजे नियम. एवढंच सांगतो, की गोष्टीत एक जण आहे, आणि त्याची फजिती होते. त्या फजितीशी आल्यावर सर थांबले.

"इथं वहिनी हसल्या."

"का?"

"म्हणाल्या, 'अगं बाई, हे तर आमचेच!'"

मी आधी रागावलो. "मी असाय? असा?" ड्रायव्हर तोंड फिरवून हसत होता. उज्ज्वला हसत होती. मग मी त्या गोष्टीतल्या माणसाकडं परत एकदा बघितलं, चांगलं निरखून, आणि मलाही हसू फुटलं. कौसासारखंच, पोट धरून, श्वास लागेपर्यंत. चैत्रापासून मी रडलो नव्हतो. तेही त्यातच झालं.

सर थांबून राहिले. मग म्हणाले, "आकडा आहे ना तिथं? काढा की थोडं तेल. लावायला असतं ते."

मी आकड्यानं टोकरून तेल काढलं, तळहातावर घेतलं. हाताच्या उबेनं ते विरघळलं. डोक्याला लावलं. वास तोच. मग पुडीतली चिमूटभर तंबाखू दोन्ही हातांनी सरांना दिली. त्यांनी ती निंबाच्या मुळाशी ठेवली, पेन्सिल काढून पुस्तकात काहीतरी खरडलं, आणि गाडीत बसले.

"राम राम, तात्या."

"जय भीम, सर," मी म्हणालो. पहिल्यांदा.

फाल्गुनात सर नागपूरला वारले. उज्ज्वलानं मला पुस्तकांचं एक खोकं पाठवलं. सगळी इंग्रजी; मला एक अक्षर लागत नाही. पण पानं उलटत गेलो तर कडेकडेला पेन्सिलीनं मराठी दिसायला लागलं. "वहिनी : नुसती खिडकीत बसली तर मरंल ती." "वहिनी : ह्या पोरीला कुणीतरी जवळ घ्या हो." "वहिनी : ह्याची आई कुठाय?" एवढ्या इंग्रजीत मला वाचता येतं तेवढं सगळं माझ्या बायकोचं. रोज चारला एक पुस्तक घेऊन बसतो. चप्पल काढून.

तळ्यावरच्या म्हाताऱ्याच्या पानाशीही लिहिलेलं सापडलं. "तात्या : त्याला कुणी चहा नेऊन देतं का?" माझ्यादेखत नाही, पण मागून लिहिलं होतं म्हणायचं.

आणि निळ्या पुस्तकात, त्या गोष्टीच्या कडेला, दोन ओळी आहेत. एक जुनी, पुसट झालेली. "वहिनी : हे तर आमचेच!"

तिच्याखाली दुसरी, गडद, जरा वाकडी, गाडी उभी असताना घाईत लिहिलेली.

"तात्या : आधी रागावले. मग हसले. डोक्याला तेल लावलं."